आधी टाकीत डोकावा!

टँकर आल्याची हाक ऐकली की हंडे, कळश्या, पिंपं घेऊन बायका धावतात. किती पाणी आलं, आपल्या वाट्याला किती आलं, हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. टंचाईच्या काळात माणशी रोज २० लिटर हा सरकारी हिशेबही आता गावोगावच्या बायकांना ठाऊक झालाय. पण ते पाणी ज्या टाकीतून आलं, त्या टाकीच्या आत काय आहे, हे किती जणींनी पाहिलंय? वर चढायचं कुणी आणि झाकण उघडायचं कुणी! बाहेरून निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी', मागे गळणारी तोटी. आपण अक्षरं वाचतो आणि हंडा लावतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बारा जणींना मात्र टाकीच्या आत डोकवावंच लागलं. "नाव नका छापू बरं का, अजून कर्ज फिटायचंय," असं गटाच्या अध्यक्ष अक्कांनी बजावून सांगितलंय, म्हणून नाव देत नाही. गाव त्यांना अक्काच म्हणतं, आपणही तेच म्हणू या.

या गटाकडे गावातलं पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र चालवायला आहे. गावाची गरज भागून उरलेलं पाणी जवळच्या शहरातली विद्यार्थ्यांची वसतिगृहं, खानावळी, मंगल कार्यालयं यांना द्यायचं त्यांनी ठरवलं. लातूरकडे शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या बघता गिऱ्हाइकाची वानवा नव्हती. न्यायला एक लोखंडी टँकर भाड्यानं घेतला. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला, "तुमचं पाणी लालसर येतंय, उद्यापासून पाठवू नका." यंत्रातून निघालेलं पाणी काचेसारखं, आणि पोचेपर्यंत लाल!

आता यात एक गंमत आहे, जी गटाला नंतर कळली. आरओच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. असं पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा जास्त खातं. विहिरीच्या जड पाण्याचा निदान पांढरा थर तरी टाकीच्या आत बसतो, जसा आपल्या गिझरमध्ये आणि हंड्याच्या बुडाला बसतो, आणि तो थर लोखंडाला थोडंफार झाकून ठेवतो. आरओचं पाणी असा थर बसू देत नाही. म्हणजे जितकं पैसे घालून पाणी शुद्ध करावं, तितकी लोखंडी टाकी ते लवकर बिघडवणार. आतून रंग लावलेला असला तरी तो एका जागी उडाला की तिथून गंज सुरू.

तेव्हा स्टीलची टाकी घ्यायची ठरली. गटाची नऊ वर्षांची बचत आणि वर बँकेचं कर्ज. अक्कांच्या धाकट्या जाऊबाईंनी म्हटलं, "स्टील म्हंजे स्टील, त्यात काय बघायचंय?" तिथूनच खरी गोष्ट सुरू झाली.

मैत्रिणींनो, स्टीलबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्यांवर जे पातेलं देते ते आणि लग्नात आईनं दिलेलं पातेलं, यांतला फरक हातात घेताच कळतो. लोणचं स्टीलच्या डब्यात भरून ठेवायचं नाही, चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीतच ठेवायचं, हे आजीनं सांगितलेलं असतं. मिठाचं पाणी रात्रभर राहिलं की हलक्या भांड्याच्या बुडाला बारीक काळे ठिपके पडतात, तेही आपण पाहिलेलं असतं. टाकीचं शास्त्र यापेक्षा फार वेगळं नाही. स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा एक अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा पत्र्यावर तयार होतो आणि तो खालच्या लोखंडाला सांभाळतो. मीठ आणि क्लोरीन हे दोघे त्या पापुद्र्याचे वैरी.

बाजारात पाण्याच्या टाकीसाठी साधारण तीन आकडे ऐकू येतात : २०२, ३०४ आणि ३१६. यातलं ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दुधाचे टँकर, डेअरीतली यंत्रं याचीच असतात. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं, ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं आणि बरंच महाग पडतं. आणि २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला अगदी तसंच, किंमत कमी. घरातल्या रॅकला, जिन्याच्या कठड्याला ते चालतं. क्लोरीन घातलेलं पाणी रात्रंदिवस ज्यात राहणार, त्या टाकीला ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेल्डिंगच्या कडेनं आणि झाकणाखाली ते आधी डागाळतं.

पहिल्या कारखान्यात नेमकं हेच झालं. चकचकीत नवी टाकी, किंमतही बजेटात. कारखानदार म्हणाले, "ताई, एक नंबर स्टील आहे. हे बघा, लोहचुंबक चिकटतंय का?" चुंबक चिकटलं नाही. सगळ्या खूश. अक्कांचा भाचा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो, तो सोबत होता म्हणून बरं. तो हळूच म्हणाला, "आत्या, चुंबक दोनशे दोनलाबी चिकटत न्हाई." खरंच आहे ते. ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो तिथे तो किंचित चिकटूही शकतो. म्हणजे चुंबकाच्या या परीक्षेत खोटं पास होतं आणि कधी कधी खरं नापास!

मग ओळखायचं कसं? पत्रा ज्या गिरणीतून येतो तिथून त्याचं प्रमाणपत्र येतं, त्याला मिल टेस्ट सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर एक हीट नंबर असतो. तोच नंबर पत्र्यावर छापलेला असतो. टाकी बनवायला दिली असेल तर पत्रा कापायच्या आधी जाऊन दोन्ही नंबर जुळवून घ्यावेत, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तयार टाकी घेत असाल तर पत्र्यावरचा नंबर पॉलिशमध्ये गेलेला असतो. तिथे थेंबाची चाचणी करतात. पत्र्यावर औषधाचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची, मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. त्याहून पक्की म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र टेकवून केलेली तपासणी. काही सेकंदांत क्रोमियम किती, निकेल किती, हे त्याच्या पडद्यावर येतं. धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि मोठे भंगारवाले असं यंत्र बाळगतात. लाखांचं कर्ज काढताना त्या तपासणीची फी वाचवू नये. अक्कांनी "तपासून घेतो" म्हटल्यावर ते कारखानदार म्हणाले, "मग तुम्ही दुसरीकडेच बघा." उत्तर मिळालं!

इथे एक सांगायला हवं. प्रत्येक गटाला स्टीलच हवं असं नाही. छोट्या टेम्पोवर हजार-दोन हजार लिटर न्यायचे असतील तर आयएस १२७०१ हा क्रमांक छापलेली प्लास्टिकची टाकी नीट पट्ट्यांनी आवळून बसवली तरी काम भागतं. ती उन्हात तापते, हादऱ्यानं जोडापाशी तडकते, आणि काही वर्षांनी बदलावी लागते. पण कर्ज तर होत नाही. रोजचं गिऱ्हाईक बांधलेलं असेल आणि फेऱ्या जास्त असतील तरच स्टीलचा खर्च अंगावर घ्यावा. आणि ३१६ ची गरज लातूरसारख्या ठिकाणी गोड पाणी वाहायला सहसा पडत नाही. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी किंवा कोकणात अगदी समुद्रालगतचं काम असेल तर मात्र त्याचा विचार करावा. पाण्याच्या तपासणी अहवालात क्लोराइडचा आकडा असतो, तो घेऊन कारखान्यात जावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तो लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतलाय. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतो, त्यावर पत्र्याची निवड ठरते.

नवी ३०४ ची टाकी गटाच्या आवाक्याबाहेर जात होती. ५,००० लिटरच्या गोल टाकीला ३ मि.मी. जाडीचा पत्रा धरला, तर नुसता पत्राच सव्वाचारशे किलोच्या आसपास लागतो. आतले पडदे, झाकण, सांगाडा, मजुरी हे सगळं वेगळं. हा हिशेब प्रत्येकीनं करून बघावा. किलोचा दर विचारून वजनानं गुणलं की कोण पातळ पत्रा दाखवून स्वस्त सांगतंय ते लगेच कळतं. भांडी आपण वजनावरच घेतो की!

शेवटी विषय आला जुन्या दुधाच्या टँकरवर. पश्चिम महाराष्ट्रात दूध संघ भरपूर, गाडी जुनी झाली तरी टाकी धडधाकट असते. पत्रा सहसा ३०४, आतून गुळगुळीत, कोपरे गोल. शिवाय दूध थंड राहावं म्हणून ती दुहेरी भिंतीची असते, मध्ये पफ भरलेला. म्हणजे मराठवाड्याच्या मे महिन्यातही पाणी तापत नाही.

गटानं दोन टाक्या पाहिल्या. पहिली बाहेरून देखणी. अक्का साडी खोचून शिडीवर चढल्या, तसे तिथले मिस्त्री हसायला लागले, "अक्का, तुम्ही कशाला, मी दाखवतो की फोटो!" अक्का म्हणाल्या, "भाऊ, भाईरची चकाकी ऱ्हाऊ द्या, आतलं बघू द्या." झाकणातून टॉर्च मारली तर आत एका जागी लालसर ओघळ. तिथे कधीतरी चीर पडली होती आणि ती साध्या लोखंडी रॉडनं वेल्डिंग करून बुजवली होती. स्टीलला स्टीलच्याच तारेनं, आर्गन वेल्डिंग करायचं असतं आणि नंतर तो काळपट भाग साफ करून घ्यायचा असतो. लोखंडाचा कण राहिला की तिथे गंज आलाच. ती टाकी बाद.

दुसरीत ओघळ नव्हते, पण वास होता. आंबट दुधाचा. हा वास बहुतेक वेळा पत्र्याचा नसतो, झाकणाच्या आणि नळाच्या रबराचा असतो. रबर बदलून, आत गरम सोड्यानं धुऊन पाहिल्यावर वास गेला. मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. दुहेरी भिंतीच्या टाकीत आतला पत्रा चिरला असेल तर पाणी बाहेर दिसत नाही, ते मधल्या पफमध्ये मुरतं, कुजतं, आणि पुढे तेच परत आतल्या पाण्याला वास देतं. म्हणून सकाळी बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला हात फिरवायचा. ओल लागली, ठिबकलं, की नमस्कार करून परत फिरायचं. या टाकीला ओल लागली नाही.

जुनी टाकी घेताना 'आधी यात काय वाहायचे?' हा प्रश्न पहिला विचारावा, आणि कागदावर उत्तर मागावं. दूध, खाद्यतेल इथवर ठीक. डिझेल, आम्ल, औषधी रसायनं, पातळ खतं वाहिलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी पिण्याच्या पाण्याला नकोच. वास गेला म्हणजे पदार्थ गेला असं होत नाही, तो रबरात आणि सांध्यांच्या फटींत दडून बसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटरची. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या वाघिणी पाणी भरण्याआधी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कार्यशाळेत वाफेनं आतून धुऊन काढल्या होत्या. अख्खं शहर तहानलेलं असतानाही ती पायरी गाळली नव्हती. आपल्या एका टाकीला आपण का गाळावी?

टाकी मिळाली तरी गाडी उरतेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे ५,००० लिटर म्हणजे ५ टन, वर टाकीचं वजन. गाडीच्या आरसी बुकात एकूण वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं. त्या दोहोंच्या फरकात पाणी आणि टाकी दोन्ही बसलं पाहिजे. टाकीत आडवे पडदे हवेत, त्यांना कारखान्यात बॅफल म्हणतात. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाण्याच्या हिंदोळ्यानं गाडी कलंडवू शकते. आणि नळ, निपल, व्हॉल्व्ह स्टीलचेच घ्यावेत. स्टीलला लोखंडी निपल जोडला की आधी निपल गंजतो आणि पाणी पुन्हा लाल, मग लाखांची टाकी काय कामाची?

आता धुण्याचं. इथे मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे. टाकीत उतरून घासायचं काम पोरासोरांना, रोजंदारीवरच्या माणसाला एकट्याला कधीही सांगू नका. बंद टाकीत हवा कमी असते, त्यात ब्लीचिंगची वाफ. माणूस आत गुदमरतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही गुदमरतो. शक्यतो लांब दांड्याच्या ब्रशनं आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बाहेरूनच धुवा. उतरायचंच झालं तर झाकण आणि खालचा नळ दोन्ही आधी बराच वेळ उघडे ठेवून, आत पंख्यानं हवा सोडून, कमरेला दोर बांधून, आणि वर दोन माणसं उभी करूनच. फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हे घरातल्या मोरीलाही लागू आहे.

ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, ती कोरडी टाकीत टाकायची सवय सगळीकडे आहे. स्टीलच्या टाकीत ती बुडाशी बसते आणि नेमकी तिथे पत्र्याला खड्डे पाडते. आधी बादलीत कालवून घ्यायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं. मात्रा आपल्या अंदाजानं ठरवायची नाही, जलसुरक्षकाला किंवा आरोग्य केंद्रात विचारून ठरवायची. पोचलेल्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, हे मानक आहे, आणि ते रंग बघून ओळखायची चाचणी कुणालाही दोन मिनिटांत शिकता येते. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं धोरण आहे. अक्कांच्या गटातल्या दोघी तेव्हा शिकलेल्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मधूनमधून नमुना जातो तो वेगळा. रात्री टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं, हीसुद्धा त्यांची रीत. बंद टाकीत क्लोरीनची वाफ झाकणाखाली साठते आणि पाण्याच्या वरचा पत्रा आधी खराब होतो. वर बारीक जाळी लावलीय, पाखरं-पालींसाठी.

वसतिगृहाच्या बाई परत गिऱ्हाईक झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनीही झाकण उघडून दाखवा म्हटलं. गटाला राग आला नाही, उलट शिडी लावून दिली. मिल टेस्ट सर्टिफिकेट जुन्या टाकीचं मिळालं नव्हतं. त्याऐवजी यंत्रावरच्या तपासणीचा कागद लॅमिनेट करून चालकाच्या खणात ठेवलाय, कुणी विचारलं की दाखवायला.

सध्या गटात वाद चाललाय तो पाईपवरून. टाकी ३०४ ची, धुतलेली, तपासलेली, आणि पाणी उतरवताना पाईपाचं टोक चिखलात लोळतं. चालक म्हणतो, एवढ्या मोठ्या पाईपाला किती जपणार? शेवटी बायकांनी ठराव लिहिला. टोकाला झाकण, टाकीच्या बाजूला पाईप टांगायला हूक, आणि टोक जमिनीला टेकलेलं दिसलं तर वीस रुपये दंड. पहिल्या महिन्यात दोनदा दंड झाला, त्यातला एक खुद्द अक्कांना.